अठ्ठावन्न अर्ज

रोपवेच्या वरच्या खोलीत एक खुर्ची रिकामी आहे.
दांडा ओढायचा, वारा बघायचा, पाळणा थांबवायचा,
एवढंच काम. तरी अठ्ठावन्न अर्ज आलेत
या चियातुरात,
जिथे खाणीची पाळी सुटली की माणसं
तारेला लटकून घरी जातात.

ओतिया नवा आहे. त्याने सकाळीच दोन ढीग केले :
सुबक आणि गबाळे.
चहा होईपर्यंत मी काही बोलले नाही.
मग दोन्ही एकत्र करून पत्त्यांसारखे पिसले.

बस इथे, म्हटलं. आधी विशेषणं खोड.
मेहनती, जबाबदार, तणावातही शांत –
अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न शांत आहेत रे,
मग गेल्या हिवाळ्यात या गावात ओरडत कोण होतं?
खोडून झाल्यावर काय उरतं बघ.
याच्यावर नाव उरलं आणि फोन नंबर.
बोलाचाच भात. ठेव बाजूला.

ही बघ, लमझिरा. बेकरीत सात वर्षं.
‘भट्टी पहाटे चारला पेटवते. आजवर
दोनदा उशीर झाला. एकदा बर्फ, एकदा बाळ.’
उशीरसुद्धा मोजलाय बाईने!
स्वतःच्या चुका जिला आकड्यात माहीत आहेत
तिच्या हाती दांडा द्यायला मला भीती वाटत नाही.

आता फोटोवर बोट ठेव.
आडनावावर दुसरं. गल्लीच्या नावावर तिसरं.
जन्मसालावर चौथं.
साहेबांच्या मेहुण्याची चिठ्ठी टाचलीय, तिच्यावर अंगठा.
आता वाच.
बोटं कमी पडतात, मला माहितीये.

‘आणि हा?’ ओतिया म्हणाला,
‘२०११ ते २०१५, काहीच नाही.’

थांब.
भोक दिसलं की आपण लगेच त्यात
तुरुंग कोंबतो, नाहीतर दारू.
मीही कोंबली होती एकदा, न विचारता.
तीन वर्षं कोरी असलेला एक माणूस नाकारला
आणि शिक्क्यांवर शिक्के असलेला दुसरा घेतला,
ज्याच्या कागदावर मुंगी शिरायला फट नव्हती.
नोव्हेंबरच्या धुक्यात त्याने पाळणा
नदीवर मधोमध चाळीस मिनिटं टांगून ठेवला.
आत नातेला मास्तरीणबाई आणि तिची शिलाई मशीन.
हा नियमावलीतलं पान शोधत होता.
कुणाला काही झालं नाही.
पानही अगदी बरोबर सापडलं.

आणि तो नाकारलेला?
बाजारात कळलं, बापाला डायलिसिसला न्यायचा
कुताइसीला, घाटाने, बर्फातसुद्धा,
आठवड्यातून तीनदा, तीन वर्षं.
फेऱ्यांचा हिशेब तू कर.
मी केलाय.

दुपारभर आम्ही वाचलं.
शुद्धलेखनावरून ओतियाने एक कागद नाकाला लावला,
तेव्हा मी खणातून माझाच जुना अर्ज काढला.
वालिकोने पेन्सिलीने दुरुस्त केलेला एक शब्द,
कडेला लिहिलेलं : उद्यापासून ये.
ओतियाने तो दोनदा वाचला, मग आपला कागद
मुकाट्याने परत ढिगात ठेवला.

साडेपाचला पाच उरले.
लमझिरा त्यात होती. मेहुणाही होता,
खोटं कशाला बोलू, मला घरभाडं भरायचं असतं.
आणि तो चार वर्षांच्या भोकाचा माणूस.
त्याचा कागद मी खिडकीशी धरला,
रिकाम्या जागेत काहीतरी लिहून खोडलं होतं.
वाचता आलं नाही.

नंबर फिरवला.
बराच वेळ वाजला, मग कोंबड्यांचा कलकलाट
आणि एक आवाज :
‘एक मिनिट हं, हात धुऊन येतो.’

ओतियाने पेन उचललं,
‘हे लिहू का?’ असं भुवयांनीच विचारलं.
मी फोनला कान लावून होते.
बाहेर शेवटचा पाळणा
नदीच्या मध्यावर आला होता.